भरवशाचा क्रम कसा बदलायचा

२०२३ चा मार्च. आमच्या पुढच्या खोलीत आढ्याला टेकेल एवढा कापूस. आदल्या उन्हाळ्यात क्विंटलला १२ हजारांच्या वर गेलेला भाव सगळ्या गावानं पाहिला होता, म्हणून यंदा कुणी माल काढायला तयार नव्हतं. बाज अंगणात निघाली, पोरांची दप्तरं चुलीजवळ गेली आणि शुक्रवारची घरगुती प्रार्थना कापसाच्या गंजीला पाठ टेकून होऊ लागली. उन्हं तापली तशी अंगाला खाज सुटली. घरात फार दिवस राहिलेल्या कापसाची खाज ज्यानं भोगली त्याला वेगळं सांगायला नको.

प्रार्थनेत मी म्हणायचो, "प्रभू, तूच आमचा आधार." आमेन झालं की हात खिशात, मोबाइल बाहेर, यवतमाळ-हिंगणघाटचे भाव. एका शुक्रवारी लोक गेल्यावर बायको म्हणाली, "आधार तो हाय, त मंग घंट्या-घंट्यानं भाव काऊन पायता?"

मला उत्तर सुचलं नाही. भावही चढला नाही. मे महिन्यात साडेसात हजारांच्या आत-बाहेर कापूस गेला, वजनात घट आली ती वेगळीच. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ६,३८० रुपये होता, म्हणजे आम्ही बुडालो असं नाही. पण त्या चार महिन्यांत माझा देव कोण होता ते मला कळलं. तो पांढरा होता, सरकीसकट.

पुढे लिहिलं आहे ते त्यानंतर आमच्या बारा-तेरा घरांच्या ख्रिस्ती मंडळीत हळूहळू करून पाहिलेलं आहे. मधलं एखादं पाऊल गाळलं तर चालेल. पहिलं गाळू नका.

आधी 'पेक्षा' हा शब्द नीट वाचा

बायबलमधल्या स्तोत्र ११८ च्या आठव्या वचनाचा अर्थ असा, की माणसावर भरवसा ठेवण्यापेक्षा परमेश्वराचा आश्रय घेणं बरं. त्यातल्या 'पेक्षा' कडे आपलं लक्ष जात नाही. माणसं सोडा, वावर विका, बँकेचं पासबुक चुलीत घाला, असं तिथं कुठं म्हटलेलं नाही. क्रम लावून दिला आहे, एवढंच. १ तीमथ्य ६:१७ मध्ये प्रेषित पौल धनवानांना चंचल धनावर आशा ठेवू नका म्हणतो, आणि त्याच वाक्यात देव आपल्याला सर्व काही उपभोगासाठी विपुल देतो असंही म्हणतो.

यिर्मयाच्या १७ व्या अध्यायात दोन झाडं आहेत. माणसावर भिस्त ठेवणारा रानातल्या खुरट्या झुडपासारखा, परमेश्वरावर भिस्त ठेवणारा पाण्याकाठी लावलेल्या झाडासारखा. आपल्याकडे बरडावरची पऱ्हाटी आणि नाल्याकाठचा उंबर शेजारी-शेजारी दिसतात, त्यामुळे हे चित्र समजायला सोपं. पण एक गोष्ट बरेचदा निसटते. पाण्याकाठच्या झाडालाही ऊन लागतं, अवर्षणाचं वर्ष त्याच्याही वाट्याला येतं. ऊन एकच आहे, फरक मुळाशी.

आणि भरवसा ठेवला की वाईट काही होत नाही, असं कुणी सांगत असेल तर त्याला स्टीफन हिस्लॉप यांची आठवण करून द्या. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. अठरा वर्षांनी, १८६३ च्या सप्टेंबरात, टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात वाहून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज नागपुरात १८८३ मध्ये सुरू झालं, पण त्या रात्री घोडा एकटाच परत आला असेल तर घरच्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी पावसाळ्यात नाला ओलांडताना नेहमी करतो. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

पहिलं पाऊल: आठ दिवस वही ठेवा

पोरांची अर्धी कोरी राहिलेली वही चालते. रोज रात्री दोन ओळी लिहायच्या: आज कशानं पोटात गोळा आला, आणि त्या क्षणी पहिलं कोण किंवा काय आठवलं. खोटं लिहू नका, वही पास्टरला दाखवायची नाही. माझ्या वहीतले पाच दिवस जसेच्या तसे देतो.

सोमवार. कृषी केंद्रवाल्याचा फोन. आठवला मेहुणा.
मंगळवार. आभाळ भरून आलं, तूर उघड्यावर. आठवली ताडपत्री.
बुधवार. पोरीच्या फीचा निरोप. आठवली बायकोची पोत.
गुरुवार. छातीत धडधड. आठवला नागपूरचा डॉक्टर.
शुक्रवार. काही झालं नाही. कोणीच आठवलं नाही.

मंगळवारची ताडपत्री मला खटकत नाही; आभाळ आलं की ताडपत्रीच आठवली पाहिजे. शुक्रवार खटकला. अडचणीत देव चौथ्या-पाचव्या नंबरावर होता हे एक, पण सुखाच्या दिवशी तो यादीतच नव्हता. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात मोशे लोकांना याच दिवसाची भीती घालतो: पोटभर खाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील, आणि मग देवाला विसराल.

आठ दिवसांनी वही उघडून जे नाव जास्त वेळा आलं त्याखाली रेघ मारा. कुणाचा मोठा भाऊ निघतो, कुणाची सरकारी नोकरीतली सून, कुणाचं रस्त्याला लागून असलेलं तीन एकर. आमच्या मंडळीतल्या एका भावाच्या वहीत आठही दिवस एकाच पुढाऱ्याचं नाव होतं. त्यानंच हसत-हसत दाखवली, मग त्याचं हसू मावळलं.

दुसरं पाऊल: प्रत्येक आधाराची ताकद लिहा

रेघ मारलेल्या नावापुढे दोन रकाने करा: हा आधार काय देऊ शकतो, काय देऊ शकत नाही. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. एका हप्त्यातून खताच्या एक-दोन बॅगा येतात. वर्ष निघत नाही. वावर पीक देतं, पाऊस देत नाही. भाऊ जामीन राहू शकतो. रात्री दोन वाजता तुमच्या मनातली भीती त्याला दिसत नाही.

हे करताना माणसांवरचा राग कमी होतो, हे मला आधी ठाऊक नव्हतं. मेहुण्याच्या दुसऱ्या रकान्यात मी लिहिलं, "त्याच्याही घरी दोन पोरी आहेत." ते लिहिलं आणि पाच वर्षांची कुरकुर अर्धी झाली.

तिसरं पाऊल: संकट यायच्या आधी सराव

पोहायला पुरात शिकत नाहीत. लहान गोष्टींत सराव करा.

सकाळी मोबाइलच्या आधी पाच मिनिटं. स्तोत्र वाचता येत असेल तर एक स्तोत्र, नाही तर 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' एवढं. रोजची, आणि आज. निर्गम १६ मध्ये मान्ना, म्हणजे रानात देवानं रोज दिलेलं अन्न, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्याला किडे पडले आणि घाण सुटली. मी हे वचन लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतं. अंगाला कापसाची खाज सुटली तेव्हा ते समजलं. बियाणं राखणं, तुरीची डाळ वर्षभराची करून ठेवणं हा शहाणपणा आहे, सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानंच सांगितलं होतं. 'आणखी थोडं थांबू, आणखी चढेल' ही वेगळी गोष्ट.

दिवसाला एकच मागणी, नाव घेऊन. "आम्हाला आशीर्वाद दे" असं गोलमाल नको. "आज वीज रात्री दोनच्या ऐवजी दिवसा दे, मोटर चालवायची आहे" असं मागा. रात्री वहीत लिहा काय झालं. नाही झालं तर तेही लिहा.

रविवार. वेचणीच्या दिवसांत हे सगळ्यात अवघड, कारण वेचायला बाया मिळतात त्या रविवारीच. निर्गम ३४:२१ मध्ये मुद्दाम लिहिलं आहे, की नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही विसावा घ्या. बाकी वर्षभर विसावा घ्यायला कुणाला सांगावं लागतं? आम्ही ठरवलं, रविवारी दुपारपर्यंत वावरात जायचं नाही. आभाळ आलं तर मात्र प्रार्थना थांबवून सगळे मिळून ज्याचा कापूस भिजतो त्याच्या वावरात. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशी कोण काढणार नाही, असं येशूनंच विचारलं होतं (लूक १४:५).

चौथं पाऊल: हात मोकळा करा

पहिल्या वेच्यातलं थोडं बाजूला काढा, चुकारा हातात पडायच्या आधी किती ते ठरवून. पैसे खिशात आल्यावर हिशोब बदलतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे. दशमांश जमत असेल तर उत्तम. जमत नसेल तर २ करिंथ ८:१२ वाचा, जवळ असेल त्याप्रमाणे देणं मान्य आहे, नसेल त्याप्रमाणे नाही. व्याजानं काढून देऊ नका.

एक सावधगिरी. "इथं हजार पेरा, शंभरपट घ्या" असं म्हणणारे प्रचारक आपल्या भागात फिरतात. शंभरपटीच्या आशेनं दिलेला पैसा दान राहत नाही, तो सट्टा होतो. भरवसा पुन्हा पैशावरच. मंदिरातल्या विधवेनं दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकल्या, तिला घरी गेल्यावर काय मिळालं ते मार्कानं लिहिलेलंच नाही. वर्षातून एकदा तरी अशा माणसाला द्या, ज्याच्याकडून परत काही येण्याची शक्यताच नाही, आणि बायकोशिवाय कुणाला सांगू नका.

पाचवं पाऊल: कर्ज उजेडात आणा

इथं जरा थांबतो, कारण आपल्या जिल्ह्यांत भरवशाची खरी परीक्षा कर्जात होते.

२ राजे ४ ची गोष्ट काढा. नवरा मेला आहे, तो देवभीरू होता, तरी मागं कर्ज ठेवून गेला आहे. सावकार तिची दोन पोरं न्यायला येतो आहे. ती अलीशा संदेष्ट्याकडे जाते. अलीशा तिच्या हातात पैसे ठेवत नाही. "तुझ्या घरात काय आहे?" असं विचारतो. ती आधी म्हणते काही नाही, मग म्हणते तेलाचं एक भांडं. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, पुष्कळ आण, थोडी नको. दार लावून ती ओतत राहते. भांडी संपतात तेव्हा तेल थांबतं. शेवटी काय करायचं तेही क्रमानं सांगितलं आहे: तेल वीक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि तुझी पोरं जगा.

चमत्कार देवाचा, पण भांडी शेजाऱ्यांची, आणि विकायला बाजारात तीच गेली. हाच क्रम आम्ही असा उतरवला.

सगळं कर्ज एका कागदावर घ्या. बँक किंवा सोसायटीचं पीक कर्ज, कृषी केंद्राची उधारी, बचत गट, मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता, गहाण ठेवलेलं सोनं, सोयऱ्यांचे उसने, सावकार. प्रत्येकापुढे मुद्दल, व्याज, तारीख.

तो कागद बायकोसमोर ठेवा. आपल्याकडचे पुरुष हेच करत नाहीत. घरच्यांना ताप नको म्हणून सांगत नाही म्हणतात; खरं तर लाज. मी ८५ हजारांचा आकडा दोन वर्षं लपवला होता. कागद पाहून ती रडेल अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "एवढंच? मले वाटे दोन लाख हाये." आणि कागद हातात घेऊन कोणतं आधी फेडायचं ते सांगायला लागली.

मग प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर चपला घाला. मुदतीत परतफेड झाली तर ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला व्याजात सवलत आहे, म्हणून मुदत चुकू देऊ नका. बँकेत विचारायला संकोच नको. विनापरवाना सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी तक्रार करता येते. देवावर भरवसा आहे म्हणून अर्ज करायचा नाही, हे मला पटत नाही. यरुशलेमची भिंत बांधताना नहेम्याच्या लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला.

रिकामी भांडी मागायला लाजू नका. मंडळीत एकानं एक दिवस बैलजोडी द्यावी, एकानं डवरणीला हात लावावा, एकीनं पोरं सांभाळावी. पैसा नसलेल्या मंडळीतही भांडी पुष्कळ असतात.

आणि मनात जिवाचं बरं-वाईट करण्याचा विचार येत असेल, तर हा लेख पुढे वाचू नका. आत्ता कुणाला तरी हाक मारा, एकटे राहू नका. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. एलीया संदेष्टा झाडाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी.

सहावं पाऊल: माणूस उलटला तर

दुबार पेरणीच्या वर्षी एका अगदी जवळच्या माणसानं सोमवारी बियाण्याचे पैसे आणतो म्हणून शब्द दिला. सोमवार गेला, गुरुवारी फोन बंद. जमिनीतली ओल उडून गेली. मी तीन वर्षं त्याच्याशी बोललो नाही, आणि प्रभूभोजनाला त्याच बाकावर बसत होतो.

पौल २ तीमथ्य ४:१६ मध्ये लिहितो, माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी कोणी माझ्या बाजूला उभं राहिलं नाही, सगळ्यांनी मला सोडलं. हे त्यांच्याकडे मोजलं जाऊ नये. पुढच्याच ओळीत, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. माझ्या ध्यानात आलं, मी त्या माणसाकडून प्रभूची जागा भरून मागत होतो. ती त्याला पुरणारी नव्हतीच.

करायचं काय? त्याच्या घरी जा, चहा घ्या, जुना विषय काढू नका. व्यवहार मात्र पुन्हा तोंडी करू नका. क्षमा केली म्हणून चिठ्ठी-पावती सोडायची असं नाही. येशूही लोकांच्या मनात काय आहे ते ओळखून होता, म्हणून त्यानं स्वतःला त्यांच्या भरवशावर टाकलं नाही (योहान २:२४), आणि तरी त्यांच्याचसाठी गेला.

पास्टरही माणूसच

याला पाऊल म्हणत नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. आधी बाहेरच्या भगताकडे धावायचो, आता हात ठेवणाऱ्या प्रचारकाकडे धावतो. धावणं तेच राहिलं. लुस्त्र गावात लोक पौलाला देव मानून हार-बैल घेऊन आले, तेव्हा त्यानं कपडे फाडले, आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत म्हणून ओरडला. आपला पास्टर असं ओरडतो का, ते पाहा. ओरडत असेल तर तो चांगला.

प्रार्थना झाली म्हणून साखरेची, बीपीची, टीबीची गोळी बंद करू नका. आपल्याच विदर्भात वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल, पांढरकवड्याकडचं उमरी ही मिशनची हॉस्पिटलं उभी राहिली. प्रार्थना करणाऱ्यांनीच ती बांधली.

शेवटचं पाऊल: आपला हबक्कूक लिहा

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी एक यादी आहे. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक फसलं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. मग 'तरी' येतो: तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन.

अंजीर-जैतून आपले नाहीत. म्हणून दरवर्षी पेरणीआधी, मृग लागायच्या सुमारास, आम्ही प्रत्येकाला आपली यादी लिहायला सांगतो. ज्याच्या जाण्यानं आपण कोसळू असं वाटतं, ते सगळं नाव घेऊन: बोंडअळी आली, सोयाबीन पिवळं पडलं, भाव पडला, पोराची नोकरी गेली, भावानं धुरा कोरला. मग 'तरी', आणि पुढचं आपल्या शब्दांत. घाईनं लिहू नका. 'तरी'च्या पुढे मनापासून काही येत नसेल तर तेवढंच कोरं ठेवा, प्रार्थनेत तेच देवासमोर न्या.

आमच्या मंडळीतल्या एका म्हातारीला लिहिता येत नाही. नातवाला समोर बसवून तिनं सांगितलं, "तूर वायली. बकरी मेली. पुण्यातल्या पोराचा फोन येत नाई. डोयाले दिसत नाई." मग बराच वेळ गप्प. नातवानं विचारलं, आजी, पुढं काय लिवू? म्हणाली, "'तरी' लिव. पुढचं मी रविवारी सांगीन."

रविवारी नातू वही घेऊन आला, 'तरी'खाली चार ओळी मोकळ्या सोडलेल्या. तिनं वहीवरून हात फिरवला, पानाचा कोपरा दुमडला आणि म्हणाली, "राहू दे मोकयंच, बाबू. रोज येगळं येते."